होडीचे इंजिन आणि विहिरीचे इंजिन

चौसाळ्याच्या बाजारपेठेत कोणी होडीच्या इंजिनाची चौकशी केली, तर दुकानदार त्याला नखशिखांत न्याहाळील आणि पाणी पाजून बसायला सांगेल. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून धाराशिवच्या रस्त्याला लागले की वाटेत येणारे हे बालाघाटाच्या माळावरचे गाव. इथे ओढ्याला पाणी आले की ते बघायला पोरे धावतात. समुद्र शेकडो मैल दूर. होडी पाहिली असेल ती पुष्कळांनी पैठणच्या नाथसागरात, नाहीतर सिनेमात.

तरी होडीच्या इंजिनाची गोष्ट चौसाळकरांच्या कामाची आहे. कोकणातल्या छोट्या होडीत धडधडणारे एक सिलिंडरचे डिझेल इंजिन आणि आपल्या विहिरीवरचे इंजिन ही सख्खी भावंडे आहेत. एकाने पंखा फिरवून पाणी मागे ढकलायचे, दुसऱ्याने पंखा फिरवून पाणी वर ढकलायचे. फरक एवढाच की होडीवाल्याचे इंजिन मध्येच रुसले तर त्याच्या जिवाशी गाठ असते आणि जादा डिझेल प्याले तर मासळीचा पैसा समुद्रातच जिरतो. म्हणून होडीच्या इंजिनात सुधारणा लवकर झाल्या, बारकाईने झाल्या. त्यांतल्या बऱ्याचशा आपल्या विहिरीपर्यंत पोचल्याच नाहीत. पोचल्या नाहीत त्या महाग होत्या म्हणून नव्हे. कोणी सांगितल्या नाहीत म्हणून.

होडीच्या मागे अडकवायच्या सुट्या मोटरीपासून सुरुवात करू. तिला आउटबोर्ड म्हणतात. ही मोटर घरोघर पोचवली ती एका शेतकऱ्याच्या मुलाने. ओले एव्हिनरूड त्याचे नाव. जन्म १८७७ चा, नॉर्वेतला. आईबाप अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात शेती करायला गेले. पोराचे लक्ष नांगरापेक्षा यंत्रात. सोळाव्या वर्षी घर सोडून तो कारखान्यात लागला. पुढे मिलवॉकी शहरात त्याने होडीला मागून अडकवता येईल अशी मोटर बनवली आणि १९०९ साली ती विकायला काढली. दीड अश्वशक्ती आणि वजन ६२ पौंड, म्हणजे आपले अठ्ठावीस किलो. हिशेबाच्या वह्या, पत्रव्यवहार आणि जाहिरातीचा मजकूर हे सारे त्याची बायको बेस पाही. वल्ही फेकून द्या, अशा अर्थाची तिची जाहिरात इतकी चालली की मागणी पुरवता पुरवता दोघांच्या नाकी नऊ आले. बेसची प्रकृती ढासळली तेव्हा त्याने चालता धंदा विकून टाकला. काही वर्षांनी दोघे पुन्हा उभे राहिले ते अॅल्युमिनियम वापरून केलेली, दुप्पट ताकदीची आणि तरीही हलकी मोटर घेऊन. नवऱ्याचे हात आणि बायकोचा हिशेब, अशी ती जोडी होती. पुढे त्यांच्या नावाच्या मोटरी जगभर गेल्या. २०२० साली त्या बनवणे बंद झाले.

या मोटरीत एक खोट मात्र मुळापासून होती. ती टू-स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत काम उरकणारी. पिस्टन खाली आला की जळालेला धूर बाहेर जाण्याची वाट आणि ताजे पेट्रोल आत येण्याची वाट एकाच वेळी उघडी राहते. मग काही ताजे पेट्रोल न जळताच धुराबरोबर निसटते. किती? जुन्या मोटरींत चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त. चार लिटर पेट्रोल भरायचे आणि लिटरभर तळ्यात ओतायचे, असा तो कारभार. अमेरिकेच्या सरकारने १९९६ मध्ये नियम केला आणि १९९८ ते २००६ या काळात कारखानदारांना मोटरी सुधारायला लावल्या. काहींनी चार फेऱ्यांचे, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिन घातले. काहींनी धुराची वाट मिटल्यावरच पेट्रोलचा फवारा आत सोडायची युक्ती काढली.

आता आपल्या कापसाच्या रानात या. पाठीवर बांधून फवारणी करायचा जो पेट्रोलचा पॉवर पंप असतो, तो जुना असेल तर याच टू-स्ट्रोक घराण्यातला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावे लागते तो टू-स्ट्रोक, एवढी खूण पुरे. त्याचा निळसर धूर दिवसभर फवारणाऱ्याच्या नाकातोंडात जातो. ऑइल जास्त घातले तर धूर वाढतो आणि प्लगवर काजळी धरते. कमी घातले तर पिस्टन जाम. प्रमाण प्रत्येक पंपाच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि ते पंपापंपाला निराळे असते. शेजाऱ्याच्या पंपाचे प्रमाण आपल्या पंपाला लावू नये. झाकणाने मोजण्याचा रिवाज तर सोडूनच द्यावा. औषधाच्या दुकानातली मापाची बाटली दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. नवा पंप घेताना फोर-स्ट्रोक मिळतो का ते विचारा. किंमत थोडी जास्त पडते, पण पेट्रोल कमी पितो, ऑइल मिसळावे लागत नाही आणि धूर कमी. त्यात ऑइल वेगळे भरावे लागते, एवढे मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, नाहीतर हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात तो फिटरकडे जाईल.

पेट्रोलचे एवढे पुरे. विहिरीचा राजा डिझेल. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग गावी आपले इंजिन चालवून दाखवले. १९१२ मध्ये डेन्मार्कचे सेलँडिया नावाचे मोठे जहाज डिझेल इंजिनावर थेट बँकॉकच्या सफरीला निघाले आणि आगबोटीचे दिवस भरत आल्याची जाणीव जगाला झाली. दैवाचा खेळ असा की पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९१३ मध्ये, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून स्वतः डिझेल रात्रीतून नाहीसा झाला. आपल्याकडे साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने डिझेल इंजिने बनवण्यात पुढाकार घेतला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. मग मोटेचा नाडा आणि सोंदूर आढ्याला टांगले गेले आणि थारोळ्यात इंजिनाचे पाणी पडू लागले. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात विहिरी खोल गेल्या तशी इंजिनाची गरज आणखी वाढली. आज बहुतेक विहिरींवर विजेची मोटर आहे. पण पावसाने ऐन ऑगस्टमध्ये ओढ दिली, वीज रात्री येऊ लागली किंवा शेततळ्यातून, ओढ्यातून पाणी उचलायचे ठरले, की कोपऱ्यातले इंजिन बाहेर निघते. सोयाबीन फुलात असताना दिलेले एक पाणी त्या वर्षाचा हिशेब बदलून टाकते. आणि डिझेल आता लिटरला नव्वद रुपयांच्या घरात आहे.

होडीवाल्यांनी पहिला धडा घेतला तो थंडाव्याचा. इंजिन तापते, त्याला पाणी हवे, हे कोणीही सांगेल. पण इंजिन फार गार ठेवले तरी नासते, हे थोड्यांना ठाऊक असते. पूर्वी होडीत समुद्राचे खारे पाणीच इंजिनातून खेळवत. खारे पाणी साठ अंशांच्या वर तापले की त्यातले क्षार आत धरतात, म्हणून इंजिन मुद्दाम गार ठेवावे लागे. गार इंजिनात डिझेल पुरते जळत नाही, काजळी होते, धुरातले आम्ल लायनरवर दवासारखे जमून लायनर खाते. मग युक्ती निघाली: इंजिनात गोडे पाणी कायमचे कोंडायचे आणि त्या गोड्या पाण्याला बाहेरून खाऱ्या पाण्याने निववायचे. जोडीला थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप बसवायची. तिच्यात मेण असते. पाणी गार असेपर्यंत मेण घट्ट आणि वाट बंद. पाणी तापले की मेण फुगते आणि वाट उघडते. इंजिन नेहमी हवे तेवढेच ऊन राहते.

आपल्या विहिरीवर काय चालते? पंपाच्या डिलिव्हरीतून एक बारीक नळी काढून विहिरीचे गार पाणी थेट जॅकेटमध्ये सोडलेले असते आणि ते पलीकडून धो धो पाटात पडत असते. त्या पाण्याला हात लावून इंजिन कसे गार चालते म्हणून मालक खूश होतो. खुशीचे काही कारण नाही. ते गार इंजिन घोटाघोटाने जादा डिझेल पीत असते आणि लायनर-पिस्टन वेळेआधी झिजत असतात. उपाय एका कॉकचा. जॅकेटकडे जाणाऱ्या नळीवर कॉक बसवा आणि तो हळूहळू आवळत जा. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरला तर क्षणभरच धरवेल, चटकन मागे घ्यावा लागेल, इतके ते ऊन झाले की थांबा. हे साधारण साठ ते सत्तर अंश. कॉक पुरा बंद मात्र कधी करायचा नाही, आणि पाणी खंडून इंजिन तापलेच तर त्यावर गार पाणी ओतायचे नाही, हेड तडकते. ज्यांच्या इंजिनाला पाण्याची टाकी जोडलेली आहे त्यांचे पाणी आपोआप ऊन राहते. त्यांनी टाकी भरलेली आहे ना, एवढे पाहावे.

दुसरा धडा वेगाचा, आणि तो फार मोलाचा आहे. होडीचा पंखा काय आणि पंपातला पंखा काय, दोघांना एकच नियम लागू: वेग थोडा वाढवला की ताकद कितीतरी जास्त लागते. वेग दहा टक्के वाढवा, ताकद तेहतीस टक्के जास्त मागतो. उलट होडीचा वेग दहा टक्के उतरवला तर ताकद सत्तावीस टक्के कमी पुरते. घरी परतायला थोडा उशीर होतो, पण त्याच अंतराला डिझेल जवळजवळ पाचव्या हिश्श्याने वाचते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने लहान मच्छिमारांना दिलेल्या सल्ल्यात वेग उतरवणे हीच डिझेल वाचवण्याची सर्वांत सोपी वाट सांगितली आहे. तांडेल लोकांना ते पटायला वेळ लागला, कारण बंदराला आधी पोचणाऱ्याच्या मासळीला भाव मिळतो.

विहिरीवर हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. पाणी चढवायची उंची ठरलेली असते. वेग फार उतरवला तर पाणी थारोळ्यापर्यंत येणारच नाही. पण उलट बाजूची चूक आपल्याकडे सर्रास होते. जादा पाणी ओढावे म्हणून गव्हर्नरचा स्क्रू पिळायचा, नाहीतर पंपावर बारकी पुली चढवायची. मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारे सावकाश इंजिन आणि दीड हजार फेऱ्यांचा पंप असेल, तर इंजिनाची पुली पंपाच्या पुलीच्या सव्वादोन ते अडीचपट हवी. त्याहून फरक वाढवला की इंजिन काळा धूर टाकू लागते. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. होडीवाला काळा धूर पाहिला की विचारतो, पंखा जड झाला का, बुडाला काळवे धरली का? आपण विचारावे, पुली कोणी बदलली, नोझल कधी तपासले, एअर क्लीनर कधी धुतला? निळा धूर असेल तर ऑइल जळते आहे, रिंगा पाहा. चालू करताना थोडा पांढरा धूर निघाला तर काळजी नको. इंजिन ऊन झाल्यावरही निघत राहिला तर फिटर बोलवा.

होडीबांधणी करणारे आणखी एक सांगतात. बारका पंखा गरगर फिरवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवलेला बरा. आपल्या पाइपाचेही तसेच आहे. समजा पाण्यापासून थारोळ्यापर्यंत पंधरा मीटर उंची आहे आणि पाणी शंभर मीटर लांब न्यायचे आहे, सेकंदाला दहा लिटर. जुना तीन इंची लोखंडी पाइप असेल तर नुसत्या घर्षणात सुमारे नऊ मीटर उंची वाया जाते. म्हणजे विहीर पंधरा मीटरची असून इंजिनाला ती चोवीस मीटरची वाटते. तसाच चार इंची पाइप टाकला तर घर्षण तीन मीटरवर येते आणि विहीर अठरा मीटरची होते. पीव्हीसीचा असेल तर त्याहूनही कमी. चोवीसचे अठरा, म्हणजे चौथा हिस्सा वाचला. एकराला पाच सेंटिमीटर पाणी द्यायला या वेगाने साडेपाच-सहा तास लागतात. पाच अश्वशक्तीचे इंजिन पुऱ्या ओझ्याखाली तासाला सव्वा लिटरच्या आसपास डिझेल घेते. साडेसात लिटरमधले दीड-पावणेदोन लिटर वाचले, ते प्रत्येक एकरामागे आणि प्रत्येक पाळीला. इंजिन बदलावे लागले नाही, पाइप बदलला.

आणि फूटव्हॉल्व्ह! कोणी त्याला फुटवाल म्हणतो, कोणी सरळ फुटबॉल. पाण्यात बुडालेला, म्हणून डोळ्यांआड आणि म्हणून विसरलेला. त्याची भोके बारीक असली किंवा त्यात पाला-शेवाळ अडकले असले, की इंजिन दम लागल्यासारखे पाणी ओढते. मोठ्या तोंडाचा, कमी अडथळ्याचा फूटव्हॉल्व्ह आणि पीव्हीसीचा सक्शन पाइप एवढ्यानेही डिझेल वाचते, हे केंद्र सरकारने स्थापन केलेली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना १९७८ पासून, या नावाने काम करू लागल्यापासून, शेतकऱ्यांना सांगत आली आहे. गरज नसलेले बेंड काढून टाकावेत. डिलिव्हरीचा पाइप थारोळ्याच्या वर पुरुषभर उंच नेऊन तिथून धबधब्यासारखे पाणी पाडायची हौस पुष्कळांना असते. दिसायला छान, पण ती उंचीही डिझेलनेच चढलेली असते. पाइपाचे तोंड थारोळ्याच्या काठाला टेकवा.

आता ज्याच्यासाठी हा लेख घरातल्या सगळ्यांनी वाचावा, तो भाग. पंप पाणी ओढतो म्हणजे खरे तर बाहेरची हवा पाण्याला पाइपात दाबते. या हवेची ताकद मर्यादित आहे. व्यवहारात वीस-बावीस फुटांपलीकडे सक्शन चालत नाही. म्हणून विहीर खोल गेली की माणसे इंजिन-पंप खाली उतरवतात, आत ओट्यावर किंवा कपारीत बसवतात. तिथे घात आहे. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर तो विरून जातो, विहिरीत साचतो. पेट्रोल किंवा रॉकेलच्या इंजिनात तो फारच जास्त असतो. डिझेलमध्ये कमी, पण कोंडलेल्या जागी तेच इंजिन स्वतःचाच धूर ओढू लागले की तिथेही वाढतो. इंजिन बंद का पडले म्हणून एक जण खाली उतरतो आणि बसकण मारतो. त्याला आणायला भाऊ उतरतो. मग बाप. अशा बातम्या दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून येतात.

होडीत इंजिन बंद खणातच असते. म्हणून तिथे धुराचा पाइप थेट बाहेर काढतात आणि खणात वारा खेळता ठेवायची सोय करतात. विहिरीतले इंजिन वर आणता येत असेल तर वरच आणावे. पाणबुडी मोटर परवडत असेल तर प्रश्नच मिटला. नाइलाजाने खाली ठेवावेच लागले तर सायलेन्सरचा पाइप विहिरीच्या काठाच्या वर न्यावा, तो मूळ पाइपापेक्षा जाड असावा, आणि जोड गळत नाहीत हे पाहावे. इंजिन चालू असताना कोणीही खाली उतरू नये. चालू-बंद वरून करता येईल अशी दोरी बांधून घ्यावी. बंद केल्यावरही लगेच उतरू नये. पंख्याने किंवा ब्लोअरने खाली बराच वेळ ताजी हवा सोडावी. जुनी माणसे कंदील सोडून पाहतात. कंदील विझला तर आत प्राणवायू नाही, हे खरे. पण कंदील जळत राहिला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नाही, असे मुळीच नाही. माणूस मरेल एवढ्या विषातही कंदील जळत राहतो. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा आणि वर दोन दणकट माणसे हवीत. खाली कोणी पडला तर त्याच्या मागे तसेच कोणी उतरू नये. हे ऐकायला कठोर वाटते. पण घरातल्या बायकांनी हे आधीच पक्के बोलून ठेवावे, कारण त्या क्षणी पुरुष ऐकत नाहीत.

पुढचे दिवस कदाचित धुराविना असतील. केरळात वैकमच्या खाडीत २०१७ पासून ‘आदित्य’ नावाची प्रवासी नाव सूर्याच्या उन्हावर चालते आहे, एका वेळी पंचाहत्तर माणसे घेऊन. आपल्याकडे २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. बालाघाटावर उन्हाला तोटा नाही. तरी ज्याच्या घरी चालते इंजिन आहे त्याने ते भंगारात घालायची घाई करू नये. सौर पंप विहिरीवर खिळलेला असतो, इंजिन गाडीत घालून ओढ्यावर नेता येते.

कोकणात जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि त्या दोन महिन्यांत इंजिने खोलून, धुऊन, नारळी पौर्णिमेच्या आत सज्ज करतात. आपले इंजिन रिकामे असते ते जोराच्या पावसात. तेव्हा ते गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली तसेच सोडून देऊ नये. जॅकेटमधले पाणी काढून टाकावे. ऑइल जुने असेल तर ठेवण्याआधीच बदलावे, कारण जुन्या ऑइलमधले आम्ल उभ्या इंजिनाला खाते. डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे आत दव धरून पाणी होत नाही. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घालावा, उंदीर घर करतात. आणि बोळ्याला लाल चिंधी बांधावी, म्हणजे चालू करायच्या वेळी तो काढायचे ध्यानात राहील. पंधरवड्यातून एकदा हँडल घालून चार फेरे द्यावेत. ऑगस्टात पावसाने दडी मारली तर आदल्या रात्री नव्हे, दोन दिवस आधी इंजिन चालवून पाहा. फिटर तेव्हाच मोकळा असतो.